काशीची गाय कुणाची?



काशीहून परतलेला माणूस गंगेबद्दल बोलतो आणि लगेच गल्लीत आडव्या उभ्या गाईबद्दल. ‘मोकाट’ हा शब्द त्याच्या तोंडून सहज निघतो. मला आज त्या शब्दाशीच भांडायचं आहे.

माझा मुक्काम दुर्गाघाटापाशी, आपल्या मराठी मंडळींच्या जुन्या वस्तीत होता. खालच्या गल्लीत एका अंधाऱ्या खोलीत दोन म्हशी आणि एक गाय. पहाटे धार काढून झाली की गवळी गाईचं दावं सोडायचा. ती दिवसभर हिंडायची, भाजीचे देठ, दारातली पोळी खायची आणि तिन्हीसांजेला आपल्या पायांनी परत यायची. तिला मालक होता, गोठा होता. कुरण तेवढं नव्हतं.

सगळी अडचण इथे आहे. भुसा विकत, चुनी विकत, बरसीम गावाकडून येणार. म्हणून गाय उष्ट्यावर जगते आणि त्यासोबत प्लास्टिक गिळते. गोऱ्हा तर कुणालाच नको. पूर्वी मृताच्या नावानं वृषोत्सर्गात सोडलेला सांड गल्लीत फिरे. आता ट्रॅक्टर आल्यावर नांगरालाही बैल लागत नाही, मग गोऱ्हे सोडले जातात. गंगेकाठची पांढरी-करडी गंगातीरी गाय दूध आणि शेतकाम दोन्हींसाठी पाळली जायची. त्यातला अर्धा उपयोगच संपला.

चौकाजवळ दुधाची सट्टी, म्हणजे दुधाचा बाजार, भरते. आसपासच्या गावांतून सायकलींवर कॅन येतात. दूध हिंदकळू नये म्हणून तोंडाशी पेंढा कोंबलेला. गिऱ्हाईक कोपरापर्यंत हात बुडवतो, बोटांवरून ओघळणारी धार पाहतो आणि भाव बोलतो. उरलेल्या दुधाचा खवा होतो: म्हशीच्या चार-पाच लिटरांचा किलोभर. थंडीत तेच दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळतात, त्या फेसाची मलइयो कुल्हडात मिळते. काशीचं हे सगळं खाणं त्या अंधाऱ्या खोल्यांवर आणि सायकलींवर उभं आहे. काशीजवळच्या करखियांवला 2024 मध्ये बनास डेअरीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. गावच्या दुधाला ती वाट मिळाली, पण गल्लीतल्या तीन जनावरांच्या मालकाचं काय?

गोठे शहराबाहेर न्या, असं म्हणणं सोपं आहे. मुंबईनं 1949 मध्ये आरे वसाहत उभारली, तेव्हा तबेले नुसते हाकलले नाहीत. गोठे दिले, पाणी दिलं, चाऱ्याला जमीन दिली, शहरात दुधाची केंद्रं काढली. पश्चिम आफ्रिकेत फुलानी लोक शहराच्या कडेला गुरं राखतात, त्यांच्या बायका तुंब्यांतून दूध विकतात. तिथेही शहर पसरलं की आधी कुरण जातं. गाईला माता म्हणणाऱ्या नगरानं तिच्या वैरणीची सोय न करता गवळ्याला दंड करावा, हे मला अन्याय्य वाटतं.

मी तिथे असताना एका भाद्रपदात गंगा चढली. काशीत 71.262 मीटर ही धोक्याची रेषा. 1978 मध्ये पाणी 73.901 वर गेलं होतं, हे तिथली म्हातारी माणसं अजून बोलतात. आमच्या वेळी पाणी चढलं त्या रात्री घरमालकीणबाईंनी खालचा ओटा रिकामा केला. ट्रंका, धान्याचे डबे बाजूला सारले आणि आधी त्या दोन म्हशी वर घेतल्या. गाय दारातच उभी होती, तिला हाक मारावी लागली नाही.