आधी अर्ज, मग समेट
(पाचगणी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)

एखादे घर दुभंगले की आम्ही वडीलधारी मंडळी समेटासाठी बैठकी भरवितो. हेतू चांगला, परंतु बैठकी लांबतात आणि माहेरी परतलेल्या लेकीची चूल थांबत नाही. ती राहते तेथील दंडाधिकाऱ्यांकडे तिला पोटगीसाठी अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, अशी २००१ पासून तरतूद आहे. नागपूरहून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरविले. म्हणजे बैठकीत गेलेला प्रत्येक महिना तिच्या पदरचा जातो. स्त्रियांस विधिसेवा प्राधिकरणाचा वकील विनामूल्य मिळतो. अर्जाने समेटाचे दार मिटत नाही; लेकीस उपाशी मात्र बसावे लागत नाही, एवढेच आमचे सांगणे.