पिशवी कोणती?

आजचा विषय गटाच्या बैठकीत कुणी मोठ्यानं काढत नाही, म्हणून रेडिओवर काढतो आहोत.

मागे आमच्या गटातल्या एका ताईंनी पिशवी काढायला कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लघवी लागली की दम निघत नाही. दारापर्यंत जाऊस्तवर साडी भिजती." शेजारणीनं सांगितलं होतं, पिशवीच काढून टाक. अर्ज बाजूला ठेवून आम्ही त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, पिशवी कोणती? गर्भाची वेगळी, लघवीची वेगळी. लघवीची पिशवी पुरती भरायच्या आधीच आवळते, म्हणून ही घाई होते. गर्भपिशवी काढणं हा त्यावरचा इलाजच नाही.

लघवी आणि रक्तातली साखर तपासली. जंतुसंसर्गानं किंवा वाढलेल्या साखरेनंही असंच होतं, म्हणून ते आधी बघायचं. दोन्ही ठीक निघालं. मग तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. ताईंना लिहिता येत नाही. त्यांनी कॅलेंडरवर दर वेळेला एक रेघ ओढली, भिजलं तर फुली. एका दिवसात चौदा रेघा! आणि चहा सहा कप.

चहा दोन कपांवर आणला, पाणी मात्र तोडलं नाही. आपण बाया काय करतो, बाजाराला जायचं म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाही. त्यानं लघवी दाट होते आणि पिशवीला आणखी चुरचुरते. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, झोपायच्या आधी कमी.

मग पिशवीला सवय लावायची. तासाला जावं लागत असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबून जायचं. ते जमलं की थोडा वेळ आणखी वाढवायचा, असं करत तीन तासांपर्यंत न्यायचं. घाई झाली की पळायचं नाही. जागेवर उभं राहायचं, वारा सरायचा थांबवतो तसं खालचं अंग चार-पाच वेळा आवळायचं. कळ ओसरली की सावकाश चालत जायचं. हेच आवळणं व्यायाम म्हणूनही करायचं: पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, मग सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. लघवी करताना मधेच थांबवून हा व्यायाम करू नका.

पंधरा दिवसांत ताई कंटाळल्या, "काय फरक नाही" म्हणाल्या. खरं आहे, याला दीड ते तीन महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात रेघा आठवर आल्या.

एवढ्यानं भागलं नाही तर गोळ्या आहेत, पण डॉक्टरांनी दिलेल्याच. काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं, आणि बद्धकोष्ठानं लघवीची घाई वाढते. काचबिंदू किंवा रक्तदाब असेल तर आधी सांगा. खोकताना, हसताना गळतं तो प्रकार वेगळा, पण त्यालाही हाच व्यायाम उपयोगी पडतो.

लघवीत रक्त, आग आणि ताप, अंग बाहेर येणं, यात घरी थांबू नका. लघवी अजिबात होत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताईंनी तो अर्ज परत घेतला आणि पुढच्या महिन्यात शेळीसाठी दुसरा दिला. आता कुणाच्या अर्जात 'पिशवीचं ऑपरेशन' असं कारण असलं, की आम्हीही आधी विचारतो, कोणती?