हा काय दुरुस्त करतो?

आज कोडिंग, पगार, नोटीस पिरियड यातलं काहीच नाही. आज पिक्चरबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर पिक्चर बघणाऱ्या माझ्या आईबद्दल.

आम्ही जालन्याचे. मी नोकरीसाठी पुण्यात असते. घरी आई, बाबा आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठा दादा. दादाला ॲस्पर्गर आहे. २०१३ पासून डॉक्टर लोकांनी हे वेगळं नाव बंद करून सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं, पण आमच्या घरात जुनंच नाव चालतं. कारण ते आम्हाला पिक्चरमधून मिळालं.

दादा सतरा वर्षांचा असताना औरंगाबादच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, "मागच्या वर्षी शाहरुखचा 'माय नेम इज खान' आला ना, त्यात दाखवलंय ते." तो पिक्चर आला १२ फेब्रुवारी २०१० ला. महाराष्ट्रात तेव्हा आयपीएल, पाकिस्तानी खेळाडू, शिवसेना आणि थिएटरबाहेरचा पोलीस बंदोबस्त यावरच सगळी चर्चा. ॲस्पर्गर हा शब्द पोस्टर फाडणाऱ्यांनीही ऐकला नसेल आणि तिकीट काढणाऱ्यांनीही.

डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता. पण नंतर काय झालं, की नातेवाइकांनी पिक्चर पाहिला. त्यातला रिझवान काहीही दुरुस्त करू शकतो. मग आमच्या घरी मिक्सर यायला लागले. मावशीने बंद पडलेला रेडिओ आणला. "हा काय दुरुस्त करतो?" असं सरळ विचारायचे लोक. दादा काहीच दुरुस्त करत नाही हो. कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही, ताटात वरण भाताला लागलेलं चालत नाही, आणि बोलताना तो समोरच्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो.

त्याची एक वही आहे. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी आलं, किती वाजता आलं, किती वेळ राहिलं, सगळं त्यात आहे. जालन्यात पाणी किती दिवसांनी येतं हे जालनेकरांना सांगायला नको. मला वाटलं होतं याचा डेटा करावा, ग्राफ काढावा. आई म्हणाली, "काहून? त्याला लिवायला आवडतं म्हणून लिवतो. परीक्षा हाय का त्याची?"

आता आईचं म्हणणं नीट ऐका. मी तिला फोनवर बरेच पिक्चर दाखवले. 'रेन मॅन', १९८८ चा, त्यात डस्टिन हॉफमन पडलेल्या काड्या एका नजरेत मोजतो. आपल्या मराठीतला 'यलो', २०१४ चा, ज्यात डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली. ती खरीखुरी जलतरणपटू आहे, आईला ती फार आवडली. तरी आई म्हणाली, "हरेक लेकराला काही ना काही येतंच. ज्याला येत नाही त्याचा पिच्चर कोणी काढत नाही."

माझ्या मते समीक्षकांपेक्षा हे बरं निरीक्षण आहे. पिक्चरवाले अशा मुलाला आधी एखादी कला देतात आणि मग प्रेक्षकांकडून त्याला माया मिळवून देतात. घरी तसं चालत नाही. आई गेली कितीतरी वर्षं कलेशिवायच माया करतेय.

'सितारे जमीन पर' मात्र तिला पटला. २०२५ चा, आमिर खानचा, पुढे यूट्यूबवर शंभर रुपयांत आला होता. त्यातल्या टीमच्या दहा भूमिका खऱ्याच न्यूरोडायव्हर्जंट कलाकारांनी केल्यात. शेवटी ती टीम फायनल हरते आणि तरी नाचते. आईने तेवढा भाग तीनदा बघितला.

पण 'माय नेम इज खान' तिने अर्ध्यात बंद केला. सुरुवातीला रिझवानची आई आहे, झरीना वहाब, बोरिवलीत राहणारी. आजाराचं नाव माहीत नसताना ती मुलाला वाढवते. ॲस्पर्गर हे नाव अमेरिकेत गेल्यावर त्याच्या वहिनीकडून कळतं. आईला ही बाई आपलीच वाटली. मग ती मरते आणि धाकटा भाऊ रिझवानला अमेरिकेला नेतो. आईने तिथेच फोन उलटा ठेवला. "तिला धाकटा पोरगा व्हता. मला तू हायस. तुझं लग्न झाल्यावर बहिणीच्या सासरी राहतो का कुठं कोणी?"

उत्तर मला देता आलं नाही, म्हणून मी कायदा शोधला. (इंजिनिअरची सवय.) तुमच्या घरात असं कुणी असेल तर हे ऐकून ठेवा. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझम नव्हतंच. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यात ते आलं, म्हणून आता त्याचं प्रमाणपत्र मिळतं. आणि १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्यात अठरा वर्षांपुढच्या ऑटिझम असलेल्या माणसासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती निर्णय देते. बहीण लग्न झालेली असो की नसो, नातेवाईकच असते.

हे आईला समजावून सांगितलं तेव्हा दादा शेजारीच होता. तो म्हणाला, "पुण्यात तुझ्याकडं पाणी रोज येतं. मी वहीत काय लिहू?"

त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याला त्याच्या गल्लीतून उचलून न्यायचं, हे आम्ही दोघींनी परस्परच धरून चाललो होतो. आता अर्ज पूर्ण भरून ठेवलाय, आईची सही बाकी आहे. मी मॅनेजरकडे कायमचं वर्क फ्रॉम होम मागितलंय, आणि लग्नाच्या बायोडेटात दादाबद्दल दोन ओळी घातल्यात. त्या ओळी गेल्यापासून फोन कमी येतात. आई म्हणते काढून टाक. मी ठेवल्यात.

चला, भेटू पुढच्या भागात.