दोघांची तपासणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "आपल्या संशोधनाविषयी दोन शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी विचारले, "विषय ठाऊक आहे ना? हळदीकुंकवाच्या दिवशी चालेल?" त्या म्हणाल्या, "चालेल. आम्हालाच तो ऐकायला हवा." तेव्हा आजची जबाबदारी त्यांची!

1970 साली प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी परळच्या एका प्रयोगशाळेत लागले. काम पुरुषांच्या वीर्याच्या तपासणीचे. घरी मात्र "रक्त तपासते" एवढेच सांगत असे. ते अगदीच खोटे नव्हते. रक्तातील पेशी मोजण्याची चौकटी आखलेली जी काच असते, तिच्यावरच शुक्रजंतूही मोजतात.

1972 साली लग्न झाले. पाच वर्षे मूल नाही. नवस झाले, माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, एक लहानशी शस्त्रक्रियाही झाली. रोज परक्या पुरुषांचे शुक्रजंतू मोजणारी मी, घरात मात्र "यांचीही तपासणी करू या" हे एक वाक्य उच्चारू शकले नाही. 1977 साली एका डोहाळजेवणात मी ओटी भरायला पुढे झाले, तेव्हा कोणीसे हळूच म्हणाले, "हिच्या हातून नको." त्या रात्री मी यांना सारे सांगितले. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपणहून दुसऱ्या एका प्रयोगशाळेत जाऊन आले.

शुक्रजंतू फारच थोडे निघाले. एका तपासणीवर विसंबू नये हे मला ठाऊक होते. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला तरी संख्या घटते. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले. उत्तर तेच. तेव्हा यांनी स्वतः सासूबाईंना सांगितले, "आई, कारण माझ्याकडे आहे. हिला यापुढे कोणी बोलायचे नाही." सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी सोमवार होता. त्यांनी माझे ताट वाढले आणि म्हणाल्या, "पुरे झाले उपास. जेव आता."

पुढे मी याच विषयात संशोधन केले. शुक्रजंतू निर्माण होतो तेव्हा त्याला पोहताही येत नाही; वृषणाशेजारच्या बारीक, वेटोळ्या नळीतून जाताना तो चालू लागतो. एवढ्यानेही भागत नाही. 1951 साली अमेरिकेत चँग व ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की मादीच्या शरीरात काही तास राहिल्यावरच बीजात शिरण्याची पात्रता त्याला येते. या ज्ञानाच्या आधारावर 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडात एडवर्ड्स, स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या प्रयत्नांनी शरीराबाहेर फलन झालेले पहिले मूल जन्मले. आपल्या मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंद कुमार यांच्या कामातून 6 ऑगस्ट 1986 रोजी के. ई. एम. रुग्णालयात असेच बालक जन्मले. 1992 मध्ये ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी एकच शुक्रजंतू सुईने बीजात सोडून मुले जन्मल्याचे प्रसिद्ध केले. आमच्यासारख्यांना हवा होता तो हाच उपाय. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. तो निबंध मी प्रयोगशाळेत दोनदा वाचला, मिटला आणि पुढची काच घेतली.

भगिनींनो, हे रडगाणे नव्हे. आमचा संसार सुखाचा झाला. हे सारे मी यांना विचारूनच सांगते आहे. सांगण्याचे कारण असे, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणासह, आढळते. धडधाकट, संसारात कोठेही उणा नसलेला पुरुषही याला अपवाद नाही. नपुंसकत्व वेगळे आणि वंध्यत्व वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तकात दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा दिली आहे. पण त्याहून कमी असलेलेही बाप होतात. म्हणून अहवाल हाती आला की घाबरू नये, लपवू नये, डॉक्टरांना विचारावे. कित्येक कारणांवर उपचार आहेत. तंबाखू सोडणे तर आपल्याच हाती आहे.

आता दोन मागण्या. सुनेला तपासणीला पाठवाल, त्याच दिवशी मुलालाही पाठवा. त्याच्या पहिल्या तपासणीला ना भूल लागते, ना टाका. आणि आपल्या मंडळात पुढचे डोहाळजेवण होईल, तेव्हा पहिली ओटी जिला मूल नाही अशा भगिनीच्या हातून भरू या. तेवढे धैर्य मंडळाने दाखवले, तर माझी चाळीस वर्षांची मोजदाद सार्थकी लागली असे मी समजेन.