चंद्र, खाडी आणि आपण
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी नववीच्या भूगोलाच्या पेपरात 'भरती-ओहोटी का होते?' असा प्रश्न होता. खाडीकाठच्या वाडीतून येणाऱ्या एका मुलीने तो कोरा सोडला. ही मुलगी महिन्यातून काही ठराविक दिवस गैरहजर असे, आणि त्याबद्दल मी तिला भर वर्गात बोललोही होतो. पुढे कळले, की मोठ्या ओहोटीला खडक उघडे पडतात तेव्हा ती आईबरोबर कालवे काढावयास जाते. कोणत्या दिवशी किती वाजता पाणी उतरेल हे तिला तोंडपाठ होते! पुस्तकातली ओहोटी ती हीच, एवढे मात्र मी तिला कधी सांगितले नव्हते.

ते आज आपणां सर्वांना सांगतो. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. पृथ्वीची जी बाजू त्याच्याकडे असते तिला त्याची ओढ अधिक, पलीकडच्या बाजूला कमी. या फरकामुळे समुद्राचे पाणी दोन्ही बाजूंना फुगते, म्हणून दिवसातून दोन भरत्या. चंद्रही पुढे सरकत असल्याने भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. सूर्याची भरती-ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी; अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत आले की उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात असले की भांग.

या चढउतारावर किती जीव जगतात! कांदळवन, कालवे, तिसऱ्या, चिखलातले खेकडे या सर्वांचे घर भरतीच्या व ओहोटीच्या रेषांमधल्या पट्ट्यात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील अनेक जातींची पोवळी तर वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या थोड्या रात्रींत, एकदमच अंडी सोडतात.

आता माता-भगिनींसाठी एक गोष्ट. "समुद्राला ओढतो तो चंद्र माणसाच्या अंगातल्या पाण्याला का ओढणार नाही?" असे मला पुष्कळदा विचारतात. ओढतो; पण भरती येते ती दोन टोकांवरच्या ओढीतील फरकाने. पृथ्वीची दोन टोके साडेबारा हजारांहून अधिक किलोमीटर दूर, माणसाची पाच-सहा फूट! गावच्या तळ्यालासुद्धा भरती दिसत नाही, मग माणसाची काय कथा? आणि ग्रहण म्हणजे केवळ सावली. त्या दिवशी गरोदर बाईला सुरी धरू न देणे, तासन् तास उपाशी-तहानलेली ठेवणे हे आपल्याही घरांतून चालते. सावलीने बाळाला काही होत नाही. आईच्या उपासमारीने होऊ शकते. सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, एवढे पथ्य मात्र खरे, आणि ते गरोदर बाईप्रमाणे सर्वांनाच.

असो. विद्यार्थ्यांनो, आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. घरी हिजरी तारीख असतेच. तिच्यात एक, क्वचित दोन मिळवा, तिथी मिळेल. बेरीज पंधराच्या पुढे गेली तर पंधरा वजा करा. म्हणजे हिजरी ५ तारीख असेल तर तिथी सहा, पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती, साडेदहा-पावणेअकराला पूर्ण ओहोटी, पुन्हा सायंकाळी पाचच्या आत भरती. ठोकळ हिशेब आहे. वहीत महिनाभर वेळा लिहून तो तपासा.

हाच हिशेब मी यंदा वर्गात फळ्यावर मांडला. मागच्या बाकावरून ती मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, ही वेळ खाडीच्या तोंडाची झाली. आमच्या वाडीत पाणी अर्धा तास उशिरा चढतं."