जठरावरील शस्त्रक्रियेनंतर : पथ्याची काळजी आणि दुखण्यावरची गोळी

वजन उतरविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेला मनुष्य रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा त्याच्यामागोमाग दोन चिंता घरात शिरतात. एक घरच्या मंडळींची : एवढ्याशा अन्नावर हा माणूस जगणार कसा? दुसरी त्याची स्वतःची : दुखू लागले तर घ्यावयाचे काय? पहिल्या चिंतेचा घोष स्वयंपाकघरात दिवसभर चाललेला असतो. दुसरीचा उच्चार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः प्राणावर बेतण्याचा प्रसंग अनेकदा दुसरीतूनच उद्भवतो.

ही शस्त्रक्रिया आता मराठी घरांस अपरिचित राहिलेली नाही. २०१७ साली इमान अहमद ह्या इजिप्तमधील अतिस्थूल स्त्रीस विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले, तेव्हा वृत्तपत्रांतून तिची चर्चा घरोघर पोहोचली. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमधील, पुष्कळ रुग्ण अशा मोठ्या उपचारांसाठी पुण्याची, नाशिकची किंवा मुंबईची वाट धरतात. पुणे नगरहून सुमारे १२० किलोमीटर. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तेवढ्या अंतरावर राहतो. औषधांचे दुकान मात्र कोपऱ्यावर असते. पुढील सर्व अडचणीचे मूळ ह्या साध्या भूगोलात आहे.

प्रथम पोटात काय घडले ते ध्यानात घेतले पाहिजे. एका प्रकारात जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही थोडा अधिक भाग कापून काढतात व केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. हिला ‘स्लीव्ह’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. उरलेले जठर वाटेतून बाजूला पडते. हा ‘बायपास’. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत एडवर्ड मेसन ह्या शल्यविशारदाने तो प्रथम प्रचारात आणला.

अशा पोटात पहिले सुमारे दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ जातात, मग घोटलेले, मग मऊ. नेहमीचे जेवण यावयास दीड-दोन महिने लागतात. आणि नेमक्या ह्याच काळात आपल्याकडील प्रेम आडवे येते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसास बाळंतिणीप्रमाणे वागविण्याची आपली रीत. डिंकाचा लाडू, तुपातला शिरा, ‘अशक्तपणा भरून निघावा’ म्हणून गुळाचा चहा! बायपास झालेल्या पोटात ही साखर जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते. आतडे रक्तातील पाणी ओढून घेते. छाती धडधडते, घाम सुटतो, पोटात कळ येऊन जुलाब होतात. कित्येकांना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उलट खाली घसरून गरगरते. घरच्यांना वाटते, खाल्ले नाही म्हणून चक्कर आली. आणि ते पुन्हा साखरपाणी देतात.

ज्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, ज्याच्या राहुरी-कोपरगावकडील शिवारात ऊस हेच वैभव, तेथे पाहुण्याने गोड नाकारणे म्हणजे यजमानाचा अपमान, ही समजूत सहजी जावयाची नाही. तथापि ‘डॉक्टरांनी बंद केले आहे’ एवढे वाक्य पंगतीत पुरेसे असते. ते रुग्णाने म्हणण्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्याने म्हणावे.

मग शक्ती यावी कशातून? तर प्रथिनांतून. साधारणपणे दिवसास ६० ग्रॅम तरी प्रथिने पोटात जावीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. अर्धा लिटर दुधातून १६, दोन अंड्यांतून १२, पन्नास ग्रॅम मुगाच्या डाळीतून १२, तेवढ्याच पनीरमधून ९, वाटीभर दह्यातून ३. बेरीज ५२ होते. बाकीचे प्रथिनांच्या भुकटीतून भरून काढावे लागतात. अंडी न खाणाऱ्यास, किंवा ज्यास आता दूध पचेनासे झाले आहे त्यास, भुकटीचा आधार अधिक. नगरकडील हुलग्याचे माडगे ह्या कामी फार उपयोगी. मात्र ते मिठाचे असावे, गुळाचे नव्हे. बाजरीची भाकरी पुढे येऊ द्यावी, पण आमटीत पूर्ण कुस्करून, आणि प्रथिनांचा घास संपल्यावर. उलट्या करावयास लावणारा पदार्थ पुष्कळदा तिखट नसतो, तर घाईने गिळलेला मऊ भात किंवा पोळीचा लगदा असतो. पाणी जेवताना नाही. पुढे-मागे अर्धा तास सोडून, घोटघोट, दिवसभरात दीड ते दोन लिटर.

उपवासाविषयी वेगळे सांगावयास हवे. पाथर्डीजवळच्या मोहटादेवीच्या नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर काढणाऱ्या स्त्रिया ह्या जिल्ह्यात थोड्या नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने नावालाही नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात असा उपवास वैद्याच्या संमतीशिवाय करू नये. आणि सतत उलट्या होत असतील तर ‘पोटाला सवय होईल’ म्हणून आठवडे काढणे फार घातक. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा थोड्याच आठवड्यांत संपतो, आणि मग दृष्टी दुहेरी होणे, चालताना तोल जाणे, भ्रम होणे असे मेंदूचे विकार उद्भवतात. लोह, कॅल्शियम, ब-१२ व ड ह्यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. वजन उतरले म्हणून त्या सुटत नाहीत.

येथवरची काळजी घरे कशीबशी शिकून घेतात. आता दुसरी.

शस्त्रक्रिया झालेल्यांतील पुष्कळांचे गुडघे वजनाने आधीच झिजलेले असतात. समजा, श्रीरामपूरकडील एखादी पन्नाशीची गृहिणी आहे. तिच्या कपाटात व्होवेरानचे किंवा कॉम्बिफ्लामचे पाकीट दहा वर्षे नांदते आहे. ती त्यास औषध मानीतच नाही, घरातील हळद-जिऱ्यासारखी वस्तू मानते. बायपास होऊन तीन महिन्यांनी पाऊस लागतो, गुडघा ठणकतो, आणि ती सवयीने एक गोळी घेते. एका गोळीने काही होत नाही, म्हणून पुढे रोज घेते. ह्या ‘म्हणून’मध्ये सारा अनर्थ साठविलेला आहे.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन ही सारी एका कुळातील औषधे. ती वेदना कशी शमवितात हे १९७१ साली इंग्रज शास्त्रज्ञ जॉन व्हेन ह्याने दाखवून दिले, व त्याबद्दल त्यास १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात वेदना व सूज वाढवितात; ही औषधे त्यांची निर्मिती थांबवितात. परंतु तीच द्रव्ये जठराच्या अस्तरावर संरक्षक थर राखीत असतात. बायपासमध्ये जठराची पिशवी ज्या आतड्यास जोडलेली असते, त्या आतड्यास आम्ल सोसण्याची मूळचीच सवय नसते. संरक्षण गेले की त्या जोडावर व्रण होतो. तो वाहू लागतो, कधी फुटतोही. विडी-सिगारेटने हा धोका वाढतो, आणि तंबाखूची मिश्री लावणाऱ्या स्त्रियांनीही स्वतःस त्यातून वगळू नये.

येथे एक भ्रम फार पसरलेला आहे. गोळीने पोट बिघडते, तेव्हा सुई घ्यावी, असे लोक समजतात. डायक्लोफिनॅकची सुई कमरेत टोचली तरी औषध रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोहोचतेच. मलमातून रक्तात फार थोडे उतरते, म्हणून त्यास काही डॉक्टर परवानगी देतात, पण विचारून. सांधेदुखीवरील नाव-गाव नसलेल्या पुड्या तर हातीच धरू नयेत, कारण अशा पुड्यांत हीच औषधे किंवा स्टेरॉइड मिसळलेली आढळून आलेली आहेत. शिवाय पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडासही ही औषधे जाचतात, आणि नगरच्या उन्हाळ्यात घोटघोट पिणाऱ्याचे पाणी कमीच पडते. (डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, व २००६ साली गुरांसाठी त्याचा वापर बंद करावा लागला. माणसाचे शरीर गिधाडाचे नव्हे, हे खरे. तरी औषध किती जहाल, ह्याची कल्पना त्यावरून यावी.)

तर मग सोसावे काय? मुळीच नव्हे. पॅरासिटामॉल हे बहुतेकांस चालते. प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलेले, आणि दिवसास एकूण ३ ते ४ ग्रॅमच्या वर कदापि नाही. घोटाळा होतो तो जोडगोळ्यांत. वेष्टनावर पॅरासिटामॉल दिसते, म्हणून निर्धास्तपणे घेतात. शेजारी बारीक अक्षरांत आयबुप्रोफेन किंवा ॲसिक्लोफिनॅक लिहिलेले असते. नावाशेवटी ‘पी’ असलेल्या कित्येक गोळ्या ह्याच जातीच्या. म्हणून दुकानदारास ब्रँडचे नाव सांगू नये. ‘नुसते पॅरासिटामॉल’ असे म्हणावे. सावकाश विरघळणाऱ्या मोठ्या गोळ्याही नव्या पोटात नीट लागू पडतीलच असे नाही, आणि त्या कुटून घेणे तर धोक्याचे. शेक, गुडघ्याचे व्यायाम आणि उतरत जाणारे वजन हे उपाय मंद असले तरी खरे. स्लीव्ह झालेल्यांस ह्या औषधांचा धोका तुलनेने कमी मानतात; तथापि त्याविषयी डॉक्टरांत एकमत नाही, तेव्हा त्यांनीही आपल्या शल्यविशारदास विचारल्यावाचून घेऊ नयेत.

हृदयरोगासाठी अल्प मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्याने मात्र ही चर्चा ऐकून ते आपल्या मनाने सोडू नये. तेथे एका धोक्याची दुसऱ्याशी तुलना करावयाची असते, आणि ती दोन्ही डॉक्टरांनी मिळून करावयाची.

पहिल्या दोन-तीन दिवसांत खांदा दुखतो, तो बहुधा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे. चालण्याने तो उतरतो. परंतु खांदादुखीबरोबर ताप, पोटात वाढती कळ आणि नाडी मिनिटास १२० च्या वर असेल, तर टाक्यांतून गळती होत असल्याची शंका धरावी व वेदनाशामक देऊन रुग्णास निजवू नये. पुढे केव्हाही शौच डांबरासारखे काळे व चिकट झाले, रक्ताची उलटी झाली किंवा पोटात एकाएकी सुरी खुपसल्यासारखी वेदना उठली, तर सकाळची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. पुण्याच्या डॉक्टरांस वाटेतून फोन करावा. तेथील ड्यूटीवरील डॉक्टरास रुग्णाचा इतिहास ठाऊक नसणार. म्हणून कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणत्या वर्षी, आणि कोणती औषधे वर्ज्य, एवढे तीन ओळींत लिहिलेला कागद रुग्णाच्या पाकिटात असावा, आणि त्याची एक प्रत कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याकडे.