मदतीआधी मत



संमेलनाच्या व्यासपीठावरून गरिबीबद्दल हळवे बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. आज मला गरिबांच्या दुःखावर बोलायचे नाही, त्यांच्या एका अधिकारावर बोलायचे आहे. ज्या समितीत, ज्या मंडळात, ज्या सभेत गरिबाच्या घराचा, धंद्याचा, रेशनचा किंवा जंगलाचा निर्णय होतो, तिथे त्याला बसायला जागा आणि मोजले जाणारे मत मिळालेच पाहिजे. पाच वर्षांतून एकदा बटण दाबण्याचा हक्क त्याला आहे आणि तो अनमोल आहे. मी त्यानंतरच्या पाच वर्षांबद्दल बोलतो आहे. ही मागणी नवी नाही आणि परकीही नाही. जानेवारी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना सत्तावीस वर्षांच्या डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की, लोकांचे विचार कुणीतरी मांडले एवढ्याने प्रतिनिधित्व पुरे होत नाही. ती माणसे स्वतः तिथे असावी लागतात. त्या साक्षीला शंभर वर्षे उलटली. आपण त्यांचे पुतळे उभारले आणि त्यांचा तो मुद्दा बाजूला ठेवला.

आज चालते ते पाहा. 2011 मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले: शहरात दिवसाला 32 आणि खेड्यात 26 रुपये खर्च करणारा माणूस दारिद्र्यरेषेच्या वर. देशभर गदारोळ झाला, पण तो आकड्यावर झाला, आकडा ठरवण्याच्या अधिकारावर झाला नाही. तज्ज्ञांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. दांडेकर आणि रथ यांच्या 1971 च्या पुण्यातल्या अभ्यासाने या देशाला आपली गरिबी नीट मोजायला लावले, हे ऋण मोठे आहे. तरीही त्या रेषेत काय धरायचे आणि काय सोडायचे हे ठरवायला बसलेल्यांत रेषेखालचा माणूस नव्हता. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला 1500 रुपये. ते पैसे बायकांना मिळावेत. त्यांना फुकटे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. पण अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, कागदपत्रांच्या अटी, नंतरची फेरतपासणी, ई-केवायसी, यातले काय कसे असावे हे ठरवताना धुणीभांडी करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बायकांचे मत कोणत्या टप्प्यावर घेतले गेले? सरकार देते, सरकार कापते, आणि दोन्ही वेळा बाई रांगेत असते.

आता दुसरी बाजू. निर्णयात गरीब बसला की काय होते याचा पुरावा याच राज्यात आहे, आणि आपण तो विसरलो याची मला चीड आहे. पाठीवर पोते वाहणारा हमाल साठच्या दशकापर्यंत कायद्याच्या लेखी कुणाचाच कामगार नव्हता. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही. मुकादम म्हणायचा, मी तर टोळी आणून देतो. त्यामुळे फंड नाही, रजा नाही, अपघात झाला तर दवाखाना नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्याबरोबर हे हमाल लढले, आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती बघण्यासारखी आहे. कायद्याने मालक शोधत बसणे सोडले. मंडळ स्थापन केले, मालकांची नोंद केली, कामगारांची नोंद केली. मजुरी मालकाने मंडळात भरायची, त्यावर लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. अशा मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान संख्येने बसतात. मजुरीचा दर ठरवताना हमालाचा माणूस व्यापाऱ्यासमोर त्याच उंचीच्या खुर्चीवर बसतो. राज्यात अशी 36 मंडळे झाली. एकाच दिवसात काम अनेक मालकांत कसे वाटले जाते हे हमालाला माहीत होते, म्हणून उपायही त्या कामाच्या मापाचा निघाला. मंत्रालयातून एकतर्फी दया आली असती तर फार तर एखादे अनुदान आले असते.

या उदाहरणाच्या शेजारी फेरीवाल्यांचा कायदा ठेवा. 2014 च्या या केंद्रीय कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती सक्तीची केली. समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी आपल्यातून निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश बायका, आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवायचे नाही. गरिबांना निर्णयात बसवणारा इतका स्पष्ट कायदा आपल्या संसदेने क्वचितच केला असेल. मुंबईत त्याचे काय झाले? फेरीवाल्यांना समितीसाठी मतदान करायला 2024 साल उजाडावे लागले. पाहणीत जवळपास एक लाख फेरीवाले आले होते. मतदार ठरले सुमारे 32 हजार. मधल्या दहा वर्षांत पालिकेची गाडी येतच राहिली, माल उचलला जातच राहिला, हप्ता जातच राहिला. कोणत्या रस्त्यावर धंदा चालेल आणि कोणत्या रस्त्यावर चालणाऱ्यांची अडचण होईल हे त्या रस्त्यावर रोज बारा तास उभ्या असलेल्या माणसाला विचारायचे सोडून ते नकाशावर ठरवले गेले. फेरीवाल्यांना कंटाळलेल्या मध्यमवर्गीय मित्रांना मी सांगतो: तुमच्या मोकळ्या पदपथाचा मार्गही याच समितीतून जातो. ज्याने स्वतः मत देऊन हद्द आखली, तोच ती हद्द पाळायला बांधलेला असतो.

यावर पहिला आक्षेप ज्ञानाचा येतो. गरीब शिकलेला नाही, त्याला अंदाजपत्रक कळत नाही. हा आक्षेप चहाच्या टपरीवर थांबलेला नाही, तो कायद्यातही घुसला आहे. 2015 मध्ये हरियाणाने पंचायतीच्या उमेदवाराला शिक्षणाची अट घातली, घरात शौचालय हवे अशी अट घातली, वीजबिल थकलेले नको अशी अट घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये हे सारे वैध ठरवले. ज्याच्या घरी शौचालय नाही त्यालाच शौचालयाच्या निर्णयातून बाहेर काढणारा हा निकाल मला मान्य नाही, आणि एक नागरिक म्हणून तो मी स्पष्ट नाकारतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या आक्षेपाला कृतीने उत्तर दिले आहे. गोंड आदिवासींच्या या लहान गावाने अभ्यासगट चालवले. बाहेरचे जाणकार येत, कायदे समजावून सांगत, चर्चा होई. निर्णय मात्र ग्रामसभेत, गावकऱ्यांच्याच सर्वसहमतीने. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. अंदाजपत्रक कळत नसेल तर समजावून सांगण्याची जबाबदारी ते लिहिणाऱ्याची आहे. मराठीत, सोप्या शब्दांत, बैठकीच्या आठ दिवस आधी. हे काम आपण लेखक करू शकतो, आणि ते आपण करत नाही.

दुसरा आक्षेप असा की, निवडून आलेले प्रतिनिधी आहेत, मग आणखी कशाला? मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाने चालवला. राज्यातल्या इतर शहरांतही तेच. त्या काळात वस्तीतल्या नळाला पाणी आले नाही तर बाईने कुणाकडे जायचे होते? ज्यांचे एकमेव प्रतिनिधित्व असे एका आदेशासरशी लांबणीवर पडू शकते, त्यांना तेवढ्यावर समाधान मानायला सांगणे हा अन्याय आहे. आणि नगरसेवक असतानाही तो हजारो मतदारांचा असतो. त्यांत झोपडीवाला, फ्लॅटवाला आणि बिल्डर तिघेही आले. या तिघांचा आवाज त्याच्या कानापर्यंत सारख्याच वेगाने पोचतो असे कुणी प्रामाणिकपणे म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप मी गंभीर मानतो: गरिबांच्या नावाने दलालच खुर्ची पटकावतात. होय, पटकावतात. माथाडीच्या नावाने खंडणी उकळणारे टोळभैरव आहेत आणि खऱ्या माथाडींनाच त्यांचा सर्वाधिक त्रास होतो. पण दलाल कोठे नाहीत? ठेकेदारांच्या निविदांत आहेत, बदल्यांत आहेत, सहकारी बँकांत आहेत. म्हणून आपण बँका आणि बदल्या बंद केल्या नाहीत. दलालावर इलाज आहे आणि तो राजस्थानातल्या मजुरांनी शोधला. मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून गावोगाव जनसुनवाया घेतल्या; कामाचे मस्टर आणि बिले सर्वांसमोर वाचली, मेलेल्या माणसांच्या नावे उचललेली मजुरी उघडी पडली. त्या मागणीतून माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली, आणि 2005 च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेने करायचे सामाजिक अंकेक्षण आले. ज्याची मजुरी बुडते तोच हिशेब सर्वांत बारकाईने तपासतो. तेव्हा गरिबांचे प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडा, त्यांना परत बोलावण्याची सोय ठेवा आणि प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त वस्तीत मोठ्याने वाचा.

राहिला वेळेचा मुद्दा. विचारत बसलो तर विकास रखडतो, असे म्हणतात. ओडिशात नियमगिरीच्या पायथ्याशी, लांजिगढला, डोंगरावरच्या खाणीला मंजुरी मिळण्याआधीच शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभांना विचारले गेले आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. आधी विचारले असते तर इतकी वर्षे आणि इतका पैसा वाया गेला नसता. आपल्या राज्यात मात्र उलटी चाल आहे. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी पूर्वी 70 टक्के झोपडीधारकांची संमती लागत असे, ती 51 टक्क्यांवर आणली. म्हणजे जवळपास निम्मी वस्ती नाही म्हणत असली तरी घर पाडता येते. आणि एकदा सही झाली की खिडकी कुठे असेल, लिफ्टचा देखभालखर्च कोण भरेल, उंच इमारतीत भंगाराचा किंवा पापडाचा धंदा कसा चालेल, यावर रहिवाशाला पुन्हा बोलता येत नाही. गरिबाचा सहभाग आपण एका सहीपुरता ठेवला आणि आता ती सहीही महाग वाटू लागली आहे.

या सभागृहालाही मी सोडणार नाही. 1885 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण पाठवले तेव्हा महात्मा फुल्यांनी ते पत्र लिहून नाकारले: ज्या सभा सर्वांना माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्याशी आमचे जमणार नाही. ते पत्र आपण आता अभिमानाने पाठ्यपुस्तकांच्या चर्चेत आणतो. पण पाठ्यपुस्तके ठरवणाऱ्या, ग्रंथालयांची पुस्तके निवडणाऱ्या, पुरस्कार देणाऱ्या आपल्या समित्यांत ऊसतोड मजुराची शिकलेली मुलगी किती वेळा बसली? आपण त्यांच्यावर कादंबऱ्या लिहितो आणि निवडीच्या बैठकीला आपणच जातो.

उद्या खुल्या अधिवेशनात ठराव येतील. सीमाप्रश्नाचा येईल, मराठी शाळांचा येईल, ते यावेतच. त्यांच्यासोबत हाही मंजूर करा: राज्यातल्या आणि महापालिकांतल्या ज्या समित्या रेशन, घर, फेरी, घरकाम, ऊसतोड आणि वनहक्क यांचे निर्णय घेतात, त्या प्रत्येकीत किमान 40 टक्के सदस्य त्या लोकांनी स्वतः निवडलेले असावेत, त्यांना मताचा अधिकार असावा आणि बैठकीच्या दिवसाची बुडालेली मजुरी सरकारने द्यावी. हा ठराव मांडायला कुणा साहित्यिकाला उभे करू नका. या मंडपाचे बांबू ज्यांनी रोवले आणि आपली जेवणे जे रांधत आहेत, त्यांना आज संध्याकाळी विचारा. त्यांच्यातला जो तयार होईल त्याला माझ्या वेळेतला वेळ द्या.